घरातल्या वस्तूंचे मोबाइलवर फोटो: आधी उजेड, मग वस्तू, बटण सगळ्यात शेवटी

विकायला काढलेल्या पितळी भांड्याचा, बचत गटाच्या मसाल्याच्या पाकिटाचा, नाहीतर सकाळच्या पोह्यांचा फोटो मला कुणी ना कुणी पाठवतं आणि विचारतं, "असा का आला? फोन बदलू का?" फोन बदलायची गरज क्वचितच असते. चुकलेला असतो तो क्रम. लोक आधी वस्तू ठेवतात, लगेच फोटो काढतात, काळोखा आला की ट्यूब लावतात, तरी जमलं नाही की फ्लॅश मारतात आणि उरलेलं सगळं एडिटिंगवर सोडतात. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीची चूक झाकायची धडपड चालते, आणि ती काही झाकली जात नाही.

खालचा क्रम एकदा जसाच्या तसा करून पाहा. उदाहरणाला तीन वस्तू घेतल्या आहेत: पितळी तांब्या, काचेच्या ग्लासातलं कोकम सरबत आणि बशीतले गरम पोहे. एक चकाकणारी, एक आरपार दिसणारी, एक पाच मिनिटांत सुकणारी. या तिघींचं जमलं तर घरातल्या बहुतेक वस्तूंचं जमतं. पहिल्या वेळी तासभर हाताशी ठेवा.

## १. कॅमेरा उघडण्याआधी

लेन्स पुसा. वाचून पुढे जाऊ नका, उठून पुसा. फोन दिवसभर हातात, खिशात, पर्समध्ये असतो आणि लेन्सवर बोटांचं तेल बसतं. त्यामुळे उजळ भागाभोवती धुकट वलय येतं, काळा रंग राखाडी दिसतो, आणि लोकांना वाटतं कॅमेरा जुना झाला. चष्म्याचं कापड किंवा धुतलेला मऊ सुती रुमाल पुरतो. ओट्यावरचं फडकं नको, त्याला तेल असतंच.

आता तीन सेटिंग. ग्रिडच्या, म्हणजे पडद्यावर चौकोन पाडणाऱ्या, रेघा सुरू करा. फ्लॅश 'ऑटो'वर असेल तर पूर्ण बंद करा. वस्तू ओळखून आपोआप रंग बदलणारी 'सीन' किंवा 'एआय' सोय असेल तर तीही बंद करा. समोर खाणं आहे हे ओळखलं की ती रंग भडक करते आणि पोह्यांची हळद केशरी दिसायला लागते.

सामान थोडंच लागतं: दोन जाड पांढरे कार्डशीट, एक काळा चार्टपेपर, पातळ पांढरं धोतर किंवा बटरपेपर, कपड्यांचे चार-सहा चिमटे आणि फोन टेकवायला पुस्तकांचा ढीग. ट्रायपॉड असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही.

तपासा: पेटलेल्या दिव्याकडे कॅमेरा रोखा. दिव्याभोवती धुकं किंवा लांबट रेघ दिसली तर लेन्स अजून स्वच्छ नाही.

## २. उजेड: खिडकी एक, दिवे सगळे बंद

सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

दिवसा, एका खिडकीच्या उजेडात काम करा आणि खोलीतले सगळे दिवे मालवा. ट्यूब, बल्ब, देवघरातला छोटा दिवासुद्धा. कारण असं की प्रत्येक उजेडाला स्वतःचा रंग असतो. तो केल्विनमध्ये मोजतात: आकडा कमी तितका उजेड पिवळा, जास्त तितका निळा. दुपारच्या उन्हाचं रंगतापमान साधारण ५५०० केल्विन, पिवळ्या बल्बचं २७०० केल्विनच्या आसपास, आणि ढगाळ आभाळाचा उजेड ६५०० केल्विनच्या पुढचा, निळसर. आपले डोळे ही तफावत आपोआप सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला संपूर्ण चित्रासाठी सहसा एकच तडजोड करता येते, त्यामुळे खिडकी आणि बल्ब दोन्ही असले की वस्तूची एक बाजू निळी आणि दुसरी नारिंगी येते.

हे मी फार महागात शिकलो. मावशीच्या घरातली जुनी भांडी नातेवाइकांत वाटली जाणार होती. आदल्या संध्याकाळी मी त्यांचे पन्नासेक फोटो काढले. खिडकीतून सांजेचा निळा उजेड येत होता आणि डोक्यावर पिवळा बल्ब जळत होता. एकाही भांड्याचा खरा रंग त्या फोटोंत नाही. ती भांडी आता चार घरांत गेली आहेत.

खिडकी कोणती? उत्तरेची असेल तर ती निवडा. तिथून वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही, नुसता आभाळाचा मऊ उजेड येतो. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेकडे असतो. त्या दिवसांत, विशेषतः सकाळ-संध्याकाळ, उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत येऊ शकतं. दुसरीच खिडकी असेल तर ऊन थेट टेबलावर पडत नाही अशी वेळ पकडा, किंवा चौकटीला चिमट्यांनी पातळ पांढरं धोतर लावा. रंगीत पडदा लावू नका, त्याचा रंग वस्तूवर उतरतो.

टेबल खिडकीपासून दोन-तीन फुटांवर आणा. अगदी चिकटून ठेवलं तर खिडकीकडची बाजू फटफटीत होते आणि पलीकडची काळवंडते. खोलीच्या आत फार लांब नेलं तर उजेड झपाट्याने कमी होतो आणि फोटोत दाणे यायला लागतात.

उजेड वस्तूच्या बाजूने यायला हवा. खिडकी तुमच्या पाठीशी असेल तर वस्तूवर तुमचीच सावली पडते, आणि उजेड समोरून गेल्याने गोल तांब्या थाळीसारखा सपाट दिसतो. खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवा. सरबत आणि पोह्यांसाठी ती थोडी वस्तूच्या मागे सरकू द्या.

तपासा: वस्तूच्या जागी आपली मूठ धरा. एक बाजू उजळ, दुसरीवर हलकी सावली आणि दोन्हींच्या मधला बदल हळूहळू होत असेल तर उजेड योग्य आहे. सावलीची कड सुरीने कापल्यासारखी दिसली तर धोतर लावायचं राहिलंय.

## ३. खाली काय, मागे काय

वस्तू अजून आणू नका. आधी रिकामी जागा फोनमधून बघा.

ग्रॅनाइटचा ओटा आणि काचेचं टेबल टाळा, दोन्हींत खिडकीचं प्रतिबिंब पडतं. जुना लाकडी पाट, घोंगडी, खादीचं कापड, शहाबादी फरशी, चटई यांच्यावर चकाकी नसते आणि ती आपल्या घरातलीच वाटतात. फुलाफुलांची चादर किंवा प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ कितीही स्वच्छ असला तरी नको, नजर तिकडे जाते.

मागे भिंत असेल तर वस्तू तिच्यापासून निदान तीन फूट पुढे घ्या. स्विचबोर्ड, कॅलेंडर, गॅसची नळी, मिक्सरची वायर हे सगळं आत्ताच हलवा. 'नंतर खोडून टाकू' असं म्हणणाऱ्यांच्या फोटोत भिंतीवर एक विचित्र डाग राहिलेला मी नेहमी पाहतो.

## ४. वस्तू तयार करणं

पितळ चिंचेने घासून धुवा आणि लगेच कोरडं करा. पाणी तसंच वाळलं तर डाग पडतात. त्यानंतर तांब्या कापडानेच उचला, कारण बोटांचे ठसे डोळ्यांना दिसले नाहीत तरी फोटोत दिसतात. मात्र जुनं भांडं जुनं म्हणूनच दाखवायचं असेल तर घासू नका, नुसती धूळ पुसा. आधी फोटो कशासाठी हवा ते ठरवा.

ग्लास आत-बाहेरून पुसा. सरबत थंड असेल आणि हवा दमट असेल, तर दोन-चार मिनिटांत काचेवर दव धरतं. ते हवं असेल तर थांबा, नको असेल तर सरबत साध्या पाण्याचं करा.

पोह्यांसाठी दोन बश्या लागतात. पहिल्या बशीत थोडे जुने पोहे किंवा काहीही पिवळसर भरून ठेवा आणि पुढच्या चारही टप्प्यांची जुळणी तिच्यावरच करा. खरे पोहे सगळं ठरल्यावर कढईतून थेट दुसऱ्या बशीत घ्या. कोथिंबीर आणि खोबरं अगदी शेवटी. ताटकळलेल्या पोह्यांची चमक जाते आणि कोथिंबीर मान टाकते. बशी काठोकाठ भरू नका आणि काठावर सांडलेले दाणे ओल्या कापडाने पुसून घ्या.

## ५. मागे व्हा

फोनचा मुख्य कॅमेरा वाइड, म्हणजे बरीच जागा एकदम टिपणारा, असतो, बहुतेक फोनांत २४ ते २८ मिलिमीटरच्या लेन्सइतका. तो वस्तूच्या जवळ नेला की पुढचा भाग फुगतो आणि मागचा आक्रसतो. तांब्याचं पोट अवाढव्य आणि बूड चिमटं दिसतं ते यामुळेच. जवळ जायचा मोह आवरा. दोन-तीन फूट मागे या आणि २एक्स (दुप्पट झूमचं बटण) निवडा. २एक्स नसेल तर १एक्सवरच लांबून फोटो घ्या आणि नंतर कापा. दोन बोटांनी ताणून केलेला झूम मात्र नको, त्यात तपशील विरघळतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. उजेड कमी असला की काही फोन २एक्स किंवा ३एक्स दाखवूनही आतून मुख्य कॅमेराच वापरतात. खात्री करायची तर मागच्या लेन्सवर एकेक करून बोट ठेवा. जिच्यावर बोट ठेवल्यावर पडदा काळा होतो, तीच लेन्स चालू आहे. आणि फार जवळ गेल्यावर चित्र एकदम उडी मारून हललं, फुलाचं छोटं चिन्ह आलं, तर फोनने मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळच्या फोटोसाठी, दुसरी, जास्त वाइड लेन्स घेतली आहे. ते चिन्ह दाबून मॅक्रो बंद करा आणि मागे या.

## ६. फोनची उंची

सपाट वस्तू वरून, उभी वस्तू समोरून, आणि मधली तिरकी. पोळीचं ताट, रांगोळी, पुस्तकाचं मुखपृष्ठ वरून. तांब्या आणि ग्लास यांच्या मध्यावर लेन्स येईल इतकं खाली वाका. बशीतल्या पोह्यांना साधारण ४५ अंश, म्हणजे जेवायला बसल्यावर बशी जशी दिसते तसं.

उभ्या राहून खाली फोन झुकवत तांब्याचा फोटो काढणं ही नेहमीची चूक. तांब्या खाली निमुळता होत गेलेला दिसतो. गुडघ्यावर बसा.

वरून घेताना फोन जमिनीला समांतर हवा. ग्रिड सुरू असताना बऱ्याच फोनांत फोन खाली धरला की मधोमध दोन अधिकची चिन्हं दिसतात. ती एकावर एक आली की फोन सपाट आहे.

तपासा: टेबलाची मागची कड ग्रिडच्या आडव्या रेघेला समांतर आहे का? नसेल तर टेबल नव्हे, फोन हलवा.

## ७. सावली आणि चकाकी आवरणं

फोन पुस्तकांवर टेकवून आता त्याची जागा पक्की करा. इथून पुढे फोन हलला तर हा टप्पा पुन्हा करावा लागतो.

खिडकीच्या समोरच्या बाजूला, वस्तूपासून वीतभर अंतरावर पांढरा कार्डशीट उभा करा. खिडकीचा उजेड त्यावर आपटून परत येतो आणि सावलीतली बाजू उघडते. कार्डशीट जवळ आणा, लांब न्या, पडद्यावर बघा. सावली पूर्ण घालवायची नाही, तिच्यातला तपशील दिसेल इतकीच कमी करायची.

तांब्याचं काम वेगळं आहे. तांब्या म्हणजे फुगीर आरसा. तुम्ही तांब्याचा फोटो काढताय असं वाटतं, पण पडद्यावर येतं ते खोलीचं प्रतिबिंब: खिडकी, पंखा, तुमचा लाल शर्ट आणि हातातला फोन. तेव्हा तांब्याला काय दिसावं ते तुम्ही ठरवा. एका बाजूला खिडकीचं पांढरं धोतर, दुसऱ्या बाजूला पांढरा कार्डशीट. त्या दोन उजळ पट्ट्यांच्या मध्ये जी काळसर पट्टी उरते, तीच तांब्याला गोलाई देते, म्हणून तिन्ही बाजूंनी पांढरं लावू नका. तांब्याच्या कडा मागच्या कापडात विरत असतील तर फोटोच्या चौकटीच्या जरा बाहेर काळ्या कागदाची अरुंद पट्टी उभी करा, कड लगेच रेखीव होते. स्वतःचं प्रतिबिंब घालवायला आणखी मागे जा आणि साधे गडद कपडे घाला. तरीही दिसलात तर कार्डशीटला लेन्सएवढं भोक पाडून त्यामागे फोन धरा.

लेन्सपुढे पोलरायझर फिल्टर (चकाकी अडवणारी काच) लावा म्हणजे चकाकी जाईल, असं कुणी सांगेल. काचेवरची, पाण्यावरची चकाकी त्याने कमी होते. उघड्या धातूवरची होत नाही.

कोकम सरबताचा रंग मागून उजेड आला तरच खुलतो, समोरून ते काळपट दिसतं. ग्लासाच्या बरोबर मागे, ग्लासाआड लपेल एवढा पांढऱ्या कागदाचा तुकडा टेकवा आणि तो खिडकीकडे जरा कलता करा. सरबत आतून उजळल्यासारखं दिसतं.

वाफ दाखवायची असेल तर मागे काळा चार्टपेपर आणि खिडकी वाफेच्या मागून, बाजूने. पांढऱ्या भिंतीपुढे वाफ कितीही असली तरी दिसणार नाही.

## ८. फोकस पक्का, उजेड कमी-जास्त

वस्तूच्या ज्या भागावर नजर जावी असं वाटतं त्यावर बोट ठेवा आणि सोडू नका. बहुतेक फोनांत एक-दोन सेकंदांत कुलूप किंवा 'लॉक' असं दिसतं. आता फोकस आणि उजेड दोन्ही बांधले गेले. शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते, ती वर-खाली सरकवून उजेड ठरवा.

इथे कॅमेऱ्याची एक सवय ओळखून असा. समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम करड्या उजळपणाचं असावं असं धरून तो हिशोब करतो. म्हणून पांढरी बशी मळकट येते आणि काळा लोखंडी तवा राखाडी. पांढऱ्या वस्तूला पट्टी थोडी वर, काळ्या वस्तूला थोडी खाली. आपल्या अंदाजाच्या उलट वाटतं, पण असंच करायचं.

पितळेवरचा सगळ्यात उजळ ठिपका बघत राहा. तो थोडा पांढरा होणारच. पण पांढऱ्याचा मोठा धब्बा झाला तर पट्टी खाली आणा. काळोखातला तपशील नंतर थोडाफार वर काढता येतो, जळून पांढरा झालेला भाग परत येत नाही.

जपा: पोर्ट्रेट मोड वापरू नका. मागचं धूसर करताना फोन कडा अंदाजाने कापतो, आणि कपाचा कान, ग्लासाची कड, कोथिंबिरीचं पान त्यात हमखास अर्धं गायब होतं. मागचं खरंखुरं धूसर हवं असेल तर वस्तू भिंतीपासून आणखी पुढे घ्या.

## ९. बटण

दोन सेकंदांचा टायमर लावा. बटणावर बोट टेकताना फोनला बसणारा हलका धक्काच फोटो हलवतो. हातात धरायचा असेल तर कोपर अंगाला चिकटवा आणि श्वास सोडताना दाबा. नाइट मोड आपोआप सुरू झाला तर समजा की उजेड कमी आहे. तो काही सेकंदांत अनेक चित्रं घेऊन एकत्र करतो, त्यामुळे टेकवलेल्या फोनने, स्थिर वस्तूसाठीच चालतो. वाफेला नाही.

प्रत्येक मांडणीचे तीन फोटो पुरेत. मग टेबल मोडण्याआधी थांबा.

तपासा: फोटो पूर्ण मोठा करून बघा. फोकस ठरवलेल्या जागी आहे का, चारही कडांवर अर्धवट चमचा, वायर, स्वतःचं बोट आलंय का, पितळेवर ठसा राहिलाय का. ही दोन मिनिटं न दिल्यामुळेच लोकांना सगळं पुन्हा मांडावं लागतं.

## १०. हलतं दृश्य

दारातली रांगोळी, भाजीची गाडी, टपरीवर उंचावरून ओतला जाणारा चहा. क्रम तोच: आधी उजेड, मग मागचं, मग उभं राहायची जागा, मग लॉक. फरक एवढाच की इथे वस्तू मांडता येत नाही, वाट बघावी लागते. जागा धरून उभे राहा आणि माणसाला चौकटीत येऊ द्या. माणसामागे फोन घेऊन धावणाऱ्यांच्या फोटोत मागे नेहमी खांब किंवा कुणाचं तरी डोकं असतं.

दुपारच्या उन्हात गाडीच्या छपराखाली अर्धं ऊन, अर्धी सावली पडते. पूर्ण सावलीतला कोपरा निवडा. रांगोळीला मात्र सकाळचं तिरकं ऊन चांगलं, रांगोळीचा दाणा दिसतो. फक्त आपली सावली तिच्यावर पडू देऊ नका.

चहाची धार गोठवायची तर प्रो मोडमध्ये, जिथे सेटिंग हाताने ठरवता येतात, शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान, आणि भरपूर उजेड हवा. रात्री एलईडीच्या दिव्यांखाली फोटोत आडवे काळे पट्टे आले तर ती फोनची खराबी नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जातात. पण मग धार गोठत नाही, दोन्हींपैकी एक निवडावं लागतं.

गाडीवाल्याला आधी विचारा आणि गिऱ्हाइकाच्या वाटेत उभे राहू नका.

## ११. एडिटिंग आणि पाठवणं

मूळ फोटो तसाच ठेवून त्याच्या प्रतीवर काम करा. आधी सरळ करा, मग कापा, मग उजेड, मग रंग, कडांची धार (शार्पनेस) सगळ्यात शेवटी. रंगासाठी सोपा उपाय म्हणजे प्रत्येक मांडणीचा एक फोटो वस्तूशेजारी पांढरा कागद ठेवून काढणं. त्या कागदावरची निळी किंवा पिवळी झाक जाईपर्यंत रंगाची पट्टी सरकवा आणि तेच आकडे बाकीच्या फोटोंना लावा. साडी किंवा मसाला विकणाऱ्यांनी हे चुकवू नये, रंग वेगळा निघाला की गिऱ्हाईक माल परत पाठवतं. रंगांचा भडकपणा वाढवणारी पट्टी शून्यावरच असू द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन जातो. छापायला किंवा विक्रीच्या पानासाठी द्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

टेबल उचलण्याआधी त्याच्या पायांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा, वस्तूची आणि फोनची जागाही टिपा, आणि खिडकीत उजेड चांगला होता ती वेळ लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात दहा नव्या वस्तू आल्या की त्यांचे फोटो आधीच्या दहांच्या शेजारी शोभतील.